जुन्या कॅम्रीला आधी काय पाजायचं?

काका, नमस्कार.

मी फोंड्याला राहतो आणि चार किलोमीटरवरच्या फर्मागुडीला उच्च माध्यमिकात शिकवतो. दोन महिन्यांपूर्वी बंगळुरूहून सेकंडहँड टोयोटा कॅम्री हायब्रिड घेतली. २०१६ची आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. ५८ हजारांपर्यंत सर्व्हिसचे शिक्के आहेत, त्यापुढे वही कोरी. मधलं एक वर्ष गाडी बिल्डिंगच्या तळघरात उभीच होती म्हणे. इथल्या एका गॅरेजात दाखवली, तर त्यांनी यादी हातात दिली: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, दोन्ही कूलंट, ब्रेक ऑइल, पॉवर स्टीअरिंग ऑइल, एसीचा गॅस आणि ऑइल. आकडा ऐकून बायको म्हणाली, गाडी आणलीत की म्हैस? दुसरा मिस्त्री म्हणतो, हायब्रिडला हात लावू नका, त्यातलं ऑइल लाइफटाइम असतं. माझ्याकडे आत्ता २० हजार आहेत, पुढचे पैसे गणेश चवथीनंतर. सासरवाडी बेळगावला, त्यामुळे महिन्यातून दोनदा चोर्ला घाट ठरलेला. आणखी एक, ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून दोन-तीन सेकंद 'गुर्रर्र' असा आवाज येतो. तो कशाचा? आणि आधी काय बदलू?

एक वाचक, फोंडा

सर,

आधी त्या यादीतली एक ओळ पेनाने खोडून टाका. पॉवर स्टीअरिंग ऑइल. तुमच्या कॅम्रीत ते नाहीच. स्टीअरिंगला जोर विजेची मोटर देते. ना पंप, ना पाइप, ना ऑइलची बाटली. या इंजिनावर बेल्टसुद्धा नाही. अल्टरनेटर नाही, वेगळा स्टार्टर नाही. कूलंटचा पंप विजेवर, एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर. ज्याने ही ओळ लिहिली त्याने बाकीच्या ओळी तरी बॉनेट उघडून लिहिल्या का, अशी मला शंका आहे. बहुतेक त्यांच्याकडे एकच छापील कागद असावा. अल्टो आली काय नि कॅम्री आली काय, तोच भरायचा. माणसं लबाड असतील असं नाही, पण हाताला सवय लागलेली असते.

दुसऱ्या मिस्त्रीचंही ऐकू नका. टोयोटाची पुस्तिका गिअर ऑइलपुढे 'बदला' असं लिहीत नाही, 'तपासा' लिहिते. मिस्त्रीने त्याचा अर्थ 'विसरा' असा लावला.

जुनी गाडी घेणाऱ्याला मी एकच सांगत आलोय. वहीचं पान कोरं असेल तर ते काम झालेलं नाही, असं धरून चाला. विकणारा म्हणेल, ओळखीच्याकडे केलं होतं, पावती नाही. असेल बाबा. तुमच्याकडे ५८ हजारांनंतरची ३४ हजार किलोमीटर कोरी आहेत आणि वर एक वर्ष गाडी उभी होती. उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, पण आतल्या ऑइलचं वय वाढतच असतं. म्हणून ९२ हजार हा आकडा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी विचारा. कुठलं द्रव वयाने खराब होतं? आणि ते खराब झाल्यावर सर्वांत महाग काय मोडतं? या दोन्हींचं उत्तर ब्रेक ऑइल असं येतं. म्हणून तुमच्या गाडीत पहिला नंबर त्याचा. गॅरेजच्या यादीत ते चौथ्या जागी होतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते, कपाटातले चामड्याचे जोडे हिरवे होतात, मीठ बरणीत दगड होतं. त्या हवेत ब्रेकच्या बाटलीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी वर्षागणिक थोडी ओल आत शिरतेच. रबरी होजांतूनही शिरते. तुमच्या गाडीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं असेल. कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की ही हद्द १४० अंशांवर येते. नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं हे तुम्ही मुलांना शिकवताच, म्हणजे पुढचं गणित तुम्हाला सांगायला नको. उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पॅडल खाली जातं, गाडी थांबत नाही.

आता हायब्रिडची गंमत. साध्या गाडीत ब्रेक बिघडायला लागले की पायाला कळतं. हायब्रिडमध्ये इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते, शहरातलं बरंचसं थांबणं ती करते. चाकं मोटरला फिरवतात, वीज बॅटरीत जाते, पॅड डिस्कला जेमतेम लागतात. त्यामुळे पॅड इतके टिकतात की मालक अभिमानाने सांगतात, ऐंशी हजार झाले, अजून पहिलेच आहेत! पण पॅड बदलायचे नाहीत म्हणून चाकं उतरत नाहीत. चाकं उतरत नाहीत म्हणून ब्रेक ऑइलची आठवण कुणालाच होत नाही. मी पाहिलेल्या जुन्या हायब्रिडांत सर्वांत काळं झालेलं ऑइल हेच असायचं, इंजिनाचं नव्हे.

आणि तुम्ही चोर्ल्याने जाता. बेळगावहून परतताना घाट उतरायला लागलात की डॅशबोर्डवरचं बॅटरीचं चित्र बघा. वरच्या काही वळणांवर ते भराभर चढतं आणि मग थांबतं. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती काठोकाठ भरत नाही, त्याआधीच नको म्हणते. मोटरने ब्रेक लावून तयार होणारी वीज ठेवायला जागा उरली नाही की मोटर हात काढून घेते. त्यानंतर पायथ्याच्या केरीपर्यंत दीड टनाच्या वरची गाडी, तुम्ही, घरची मंडळी आणि कुंदाचे डबे, सगळं पॅडवर आणि ब्रेक ऑइलवर येतं. वर्षभर आरामात असलेल्या ब्रेकांवर अगदी नेमक्या उतारावर सगळं ओझं पडतं. असं झालं की लिव्हर 'बी'वर आणा, म्हणजे इंजिन गाडीला ओढून धरतं. सपाट रस्ता लागला की परत 'डी'वर. पण 'बी' असलं तरी ऑइल जुनं ठेवून चालणार नाही.

तुमच्या 'गुर्रर्र'चं उत्तर इथेच येतं. या गाडीत ब्रेकचा दाब इंजिनाच्या व्हॅक्युमवर अवलंबून नाही, कारण इंजिन अर्धा वेळ बंद असतं. त्यासाठी विजेचा पंप आहे, तो ब्रेक ऑइल दाबून साठवून ठेवतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की गाडीला वाटतं, मालक बसणार, आणि पंप आधीच दाब भरून घेतो. तो आवाज त्याचा. दार उघडल्यावर दोन-तीन सेकंद येऊन थांबला, मग ब्रेक चार-सहा वेळा दाबल्यावर पुन्हा आला, तर घाबरू नका. तो यायलाच हवा.

मात्र एक करून पाहा. संध्याकाळी अंगणात, रेडिओ बंद, एसी बंद, गाडी 'रेडी'त म्हणजे चालू, निघायला तयार, लिव्हर 'पी'वर, पार्किंग ब्रेक लावलेला. ब्रेकवरचा पाय काढा, स्वस्थ बसा आणि मोबाइलचं घड्याळ लावा. तुम्ही काही न करता तो पंप पुन्हा पुन्हा, पंधरा-वीस सेकंदांनी चालू होत असेल तर आत कुठेतरी दाब गळतोय. तसं असेल तर बाकी सगळं सोडून गाडी टोयोटाचं निदान करणाऱ्याकडे न्या. तो पंप आणि त्याच्या व्हॉल्व्हांचा अख्खा संच बदलायचा झाला तर किती लागतात, एकदा पार्ट्सच्या काउंटरवर विचारून बघा. मग ब्रेक ऑइलचं बिल तुम्हाला चहा-पावाचं वाटेल. ओल धरलेलं ऑइल त्या संचाच्या आतल्या बारीक भागांना गंज लावतं, म्हणून मी एवढा जीव तोडून सांगतोय.

काम कुठे करायचं, हेही महत्त्वाचं. आपल्याकडची पद्धत तुम्ही पाहिली असेल: एक पोरगा आत बसून पॅडल मारतो, दुसरा चाकापाशी पान्हा घेऊन ओरडतो, "मार... मार... धर! सोड." साध्या गाडीला ती छान चालते. मी जन्मभर तेच केलं. तुमच्या गाडीला ती चालत नाही. पाइप उघडा असताना कुणी दार उघडलं किंवा पॅडलला पाय लागला तर पंप आपणहून जागा होतो आणि ऑइल अंगावर उडतं. शिवाय संचात हवा अडकली की डॅशबोर्डवर दिवाळी. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, लावून आणि गाडीला ब्रेक ब्लीडिंगच्या, म्हणजे पाइपातलं जुनं ऑइल नि हवा काढायच्या, मोडमध्ये घालूनच हे काम होतं. म्हणून गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा, 'टोयोटा हायब्रिडचं ब्रेक ब्लीडिंग तुमच्या स्कॅनरवर आहे का?' त्याने डोकं खाजवलं तर थँक्यू म्हणून निघा. ऑइलची बाटली सीलबंद आहे का ते बघा. कालची अर्धी उरलेली बाटली कपाटातून काढली तर ती नको. चाकं उतरलेलीच आहेत, तर पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना सुटून हलतात का तेही बघायला सांगा. पॅड कमी वापरात असले की आपल्या खाऱ्या हवेत त्या पिना जाम होतात. आणि यापुढे दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही होवोत, हे काम करायचं.

दुसरा नंबर इंजिन ऑइलचा. खरं तर तेही त्याच दिवशी करून टाका, स्वस्त आहे आणि त्याचा इतिहास तुम्हाला माहीत नाही. फिल्टरसकट चार-साडेचार लिटर लागेल, ग्रेड ०डब्ल्यू-२०. इथे वाद होईल. गॅरेजवाला म्हणेल, 'गोव्याची गर्मी, जुनं इंजिन, थोडं जाड टाकूया, २०डब्ल्यू-५०.' नको. हायब्रिडचं इंजिन प्रवासात सारखं बंद-चालू होतं आणि मोटर त्याला एका झटक्यात गरागरा फिरवते. ऑइल त्या क्षणी वरपर्यंत पोचायला हवं. पातळ ऑइल पोचतं, जाड मागून येतं.

दुसरं म्हणजे तुमचं रोजचं धावणं. फोंडा ते फर्मागुडी, चार किलोमीटर, त्यातलं निम्मं विजेवर. इंजिन नीट तापतच नाही. न तापलेल्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ओल आत राहते. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा फेस दिसला तर लगेच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात ऑइल नि कूलंट वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं असा गाजावाजा करू देऊ नका. बेळगावची एक फेरी मारून या, पुसा आणि पुन्हा बघा. फेस गेला तर ती नुसती ओल होती. परत आला आणि कूलंटही कमी होत असेल तर मग गोष्ट वेगळी. पुस्तिका दहा हजार किंवा एक वर्ष म्हणेल. तुम्ही पहिला बदल पाच हजारांवर किंवा सहा महिन्यांनी करा, मग नेहमीच्या ठरलेल्या चालीवर या.

तिसरा नंबर गिअर ऑइलचा, आणि इथे मला सर्वांत जास्त धास्ती आहे ती नावाची. कंपनी या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणते. ते नाव ऐकून माणसं दुकानातून सीव्हीटीचं ऑइल घेऊन येतात. त्याचा इथे संबंध नाही. ते ऑइल पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्ससाठी असतं. तुमच्याकडे पट्टा नाही, पुल्या नाहीत. एक ग्रहमाला आहे, म्हणजे मधल्या दात्याभोवती फिरणारे दाते, आणि दोन मोटर-जनरेटर. लागतं ते टोयोटाचं एटीएफ डब्ल्यूएस, रंगाने लाल. या ऑइलमध्ये त्या दोन मोटरी बसलेल्या असतात. ते दाते घासू देत नाही, मोटरीही गार ठेवतं आणि त्यांच्या तांब्याच्या तारांशी त्याचा रोजचा संबंध येतो. म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी ऑइलवर 'सगळ्याला चालतं' लिहिलंय, यावर भागवू नका.

टोयोटाचं अमेरिकेतलं वेळापत्रक साधारणपणे हे फक्त तपासायला सांगतं. जड काम, मागे ट्रेलर ओढणं वगैरे असेल तर ६० हजार मैल, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटरवर बदलायला सांगतं. घाटातली महिन्याची चार चढउतारं, वही कोरी आणि तुमचं घड्याळ ९२ हजारांवर. माझ्या मते बदला. आतून मशीन लावून 'फ्लश' करायची गरज नाही. खालचा नट काढायचा, गळू द्यायचं, नवा वॉशर टाकून बंद करायचं, वरच्या भोकातून ते काठाला येऊन थेंब गळेपर्यंत भरायचं. गाडी सपाट हवी, तिरकी नको. एवढंच.

एवढंच म्हणतो, पण याच कामात मी माझी लाज घालवून घेतलीय. म्हापशाला माझं गॅरेज होतं तेव्हा एक प्रियस आली, टोयोटाचीच दुसरी हायब्रिड. पोराने खालचा नट काढला, जुनं ऑइल भांड्यात पडलं, आणि मग वरचा भरायचा नट काही केल्या निघेना. गोल झाला. गाडी लिफ्टवर टांगलेली, आत ऑइलचा थेंब नाही. मालक दोन दिवस बसने कामाला गेला आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून हसला नाही. चूक पोराची नव्हती, मी त्याला सांगितलंच नव्हतं. म्हणून तुमच्या मिस्त्रीसमोर उभे राहा आणि म्हणा, 'आधी वरचा नट ढिला करून दाखव, मग खालचा काढ.' तो थोडा रागावेल. चालेल.

आता कूलंट. बॉनेट उघडलंत की पारदर्शक प्लास्टिकच्या दोन बाटल्या दिसतील. काच पुसायच्या पाण्याची तिसरी, ती यात धरू नका. एक बाटली इंजिनाची, दुसरी इन्व्हर्टरची. इन्व्हर्टर म्हणजे ती अॅल्युमिनियमची पेटी, जिच्यात जाड नारिंगी तारा शिरतात. त्या तारांना हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. मागच्या सीटमागची २४५ व्होल्टच्या आसपासची बॅटरी आणि मोटरीसाठी तिथे ६५० व्होल्टपर्यंत चढवलेली वीज, त्यातून निघणारी उष्णता त्या दुसऱ्या बाटलीतलं कूलंट वाहून नेतं. गेजवर त्याचं तापमान दिसत नाही. गरम झालं की गाडी सरळ जोर कमी करते आणि इशारा दाखवते.

तरीही दोन्ही कूलंट आत्ताच बदलायची घाई करू नका. टोयोटाचं गुलाबी कूलंट लांब पल्ल्याचं आहे. अमेरिकेतल्या वेळापत्रकात इंजिनाच्या कूलंटचा पहिला बदल सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर किंवा १० वर्षं, आणि इन्व्हर्टरच्या कूलंटचा सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर किंवा १५ वर्षं, असा हिशेब आहे. त्यानंतर दोन्हीला ८० हजार किंवा ५ वर्षं. तुमच्या गाडीसोबतच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. या हिशेबाने इंजिनाचं कूलंट वयामुळे आता वेळेवर आलंय, चवथीनंतर करा. इन्व्हर्टरचं नाही, त्याला अजून बरीच वर्षं आहेत. यादीत ते लिहिणाऱ्याला विचारा, कशावरून?

बदलायचं नाही, पण बघायचं मात्र आहे. सकाळी गाडी गार असताना दोन्ही बाटल्यांची पातळी दोन रेघांच्या मधे आहे का आणि रंग स्वच्छ गुलाबी आहे का, एवढंच. तपकिरी गढूळ, हिरवट, किंवा तरंगणारा कचरा दिसला तर कुणीतरी मधे हात घातलाय. मग वयाची वाट न बघता ते बदलायचं. इन्व्हर्टरची पातळी हळूहळू उतरत असेल तर गळती शोधायची, नुसतं वरून ओतत राहायचं नाही. आणि विहिरीचं किंवा नळाचं पाणी तर अजिबात नाही. आपल्या लाल मातीतलं पाणी हंड्याच्या तळाला काय करतं ते घरच्यांना विचारा. ज्या दिवशी बदलाल त्या दिवशी हवा नीट काढून देणारा माणूस हवा. विजेच्या पंपात हवेचा बुडबुडा राहिला की तो नुसता फिरत राहतो आणि कूलंट जागच्या जागी.

प्रियसवाले एक युक्ती करतात. गाडी 'रेडी'त ठेवून इन्व्हर्टरच्या बाटलीत डोकावतात. आतलं कूलंट ढवळल्यासारखं हलत असेल तर पंप चालतोय. तुम्हीही बघू शकता, पण फक्त बघा. 'रेडी'त असताना गाडी बंद वाटते, आवाज नसतो, आणि इंजिन केव्हाही आपोआप सुरू होऊ शकतं. शर्टाची बाही, चष्म्याची दोरी, हात, काही आत जाऊ देऊ नका. बॉनेटखालच्या बाकी कुठल्याही तपासणीला गाडी बंद आणि किल्ली घरात.

एसीबद्दल थोडक्यात. गार हवा येतेय ना? मग त्याला हात लावू देऊ नका. गॅस ही काही दर वर्षी भरायची चीज नाही. कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात वीज न वाहू देणारं वेगळं ऑइल लागतं, एनडी-११ म्हणतात त्याला. साध्या गाड्यांचं पीएजी ऑइल, किंवा त्या मशीनच्या पाइपात राहिलेला त्याचा थोडासा गाळसुद्धा, आत गेला तर इन्सुलेशन खराब होतं आणि हायब्रिडची सगळी यंत्रणाच बिघाड दाखवते. एसीवाल्याने 'गॅस टॉपअप करून देतो, ऑइलही टाकतो' म्हटलं की दोन पावलं मागे या.

ऑइल नाही, पण एवढं सांगायलाच हवं. मागच्या बॅटरीला कूलंट नाही, ती पंख्याच्या हवेवर गार होते. हवा आत घ्यायची एक जाळी मागच्या सीटच्या भागात आहे, नेमकी जागा पुस्तिकेत चित्रासकट दिलेली असते. ती शोधा, धुळीचा थर पुसून घ्या. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान भरताना त्या जाळीवर नारळाची पिशवी ठेवू नका. मी हे अंदाजाने नाही सांगत, एकदा एका गाडीत जाळीच्या तोंडाशी अख्खा सुपारीचा घड सापडला होता.

मग २० हजारांचं काय? पहिल्या फेरीत ब्रेक ऑइल स्कॅनरवर, कॅलिपरच्या पिना आणि इंजिन ऑइल. त्याच वेळी गिअर ऑइलचा भाव लिहून घ्या, बसत असेल तर तेही. मला वाटतं बसेल. नसेल बसत तर महिन्याभराने, पण पावसात ढकलू नका. इंजिनाचं कूलंट चवथीनंतर. इन्व्हर्टरचं फक्त बघणं, एसी जसा आहे तसा, आणि पॉवर स्टीअरिंगची ओळ तुम्ही मघाशीच खोडलीत. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं नाव वहीच्या त्या कोऱ्या पानांवर स्वतःच्या अक्षरात लिहा. पुढे विकायची वेळ आली तर ती वही दाखवायला बरी.

आणि ते पंपाचं घड्याळ लावून बघितलंत की किती सेकंदांनी आवाज येतो ते कळवा. बेळगावला निघायच्या आधी.